खडूच्या रेघेबाहेर

कलकत्त्याच्या जोडासाँको भागातल्या एका मोठ्या वाड्यात श्याम नावाचा नोकर होता. घरातल्या धाकट्या मुलाला सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते. मूल सांभाळायचे म्हणजे दिवसभर त्याच्या मागे धावायचे. श्यामने त्यावर सोपा उपाय शोधला होता. मुलाला खिडकीजवळ बसवायचे, त्याच्याभोवती खडूने एक वर्तुळ काढायचे आणि बोट उगारून, चेहरा गंभीर करून बजावायचे की ही रेघ ओलांडलीस तर संकट ओढवेल. कसले संकट ते तो सांगत नसे. सांगण्याची गरजही नव्हती. मुलाला रामायण ठाऊक होते. रेषा ओलांडल्यावर सीतेवर काय प्रसंग आला हे त्याला पाठ होते. तो बिचारा तासन् तास त्या वर्तुळात बसून राही. खिडकीतून खालचे तळे दिसे, काठावरचा पारंब्यांचा वड दिसे, अंघोळीला येणारी माणसे आणि पाण्यातली बदके दिसत. सगळे जग समोर होते आणि आपण मात्र रेघेच्या आत.

हा मुलगा म्हणजे रवींद्रनाथ टागोर. कवी म्हणून, राष्ट्रगीताचे जनक म्हणून, १९१३ सालचे नोबेल मिळवणारे पहिले आशियाई म्हणून ते आपल्याला माहीत असतात. मला आज सांगायची आहे ती गोष्ट शाळामास्तर रवींद्रनाथांची. या माणसाने आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे एक शाळा चालवली आणि त्या शाळेत दुसऱ्यांच्या मुलांभोवती अशी रेघ पडू नये म्हणून जिवाचे रान केले.

कवीच्या शाळेवर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने का लिहावे, असा प्रश्न कुणाला पडेल. मी कादंबऱ्या लिहितो हे एक कारण झाले. दुसरे कारण जास्त खरे आहे. बँकेच्या कर्जविभागात बसणाऱ्या माणसाचे सगळे आयुष्य जोखीम या एका शब्दाभोवती फिरते. तारण काय, जामीन कोण, माणूस कसा, धंदा चालेल की बसेल, हे पाहता पाहता केस पांढरे होतात. ज्या शाखाधिकाऱ्याचे एकही कर्ज कधी थकले नाही त्याच्याकडे आम्ही जरा संशयानेच पाहत असू, कारण बहुधा त्याने कर्जे दिलेलीच नसत. जोखीम ओळखून, मोजून, डोळे उघडे ठेवून घ्यावी लागते, हे आम्हाला खाती आणि थकबाक्या पाहून कळले. रवींद्रनाथांना ते मुलांकडे पाहून कळले होते.

त्यांचा जन्म ७ मे १८६१चा. देवेंद्रनाथांचे हे चौदावे अपत्य. घर श्रीमंत, सुसंस्कृत, माणसांनी भरलेले. पण मुले मात्र नोकरांच्या ताब्यात. त्या काळाला पुढे त्यांनी गमतीने नोकरांचे राज्य म्हटले. शाळांचा अनुभव त्याहून वाईट होता. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा एकामागून एक शाळा झाल्या. एका शाळेतले मास्तर इतके घाणेरडे बोलत, की या मुलाने त्यांच्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही असे ठरवले आणि वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसून राहिला. वार्षिक परीक्षेत बंगालीत तोच पहिला आला. मास्तरांना ते पटेना. पुन्हा परीक्षा घेतली, पुन्हा तोच पहिला. तरीही शाळेशी त्याचे जमले नाही ते नाहीच. चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा कायमची सुटली. घरच्यांनी त्याच्या शिक्षणाची आशाच सोडून दिली होती.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. १८७३ साली मुंज झाल्यावर देवेंद्रनाथांनी या अकरा वर्षांच्या मुलाला हिमालयात बरोबर येतोस का असे विचारले. वडील बहुतेक काळ प्रवासात असत. मुलांना ते पाहुण्यासारखेच वाटत. अशा वडिलांबरोबर तो निघाला. पहिला मुक्काम बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनात झाला. तिथली वीस बिघे जमीन देवेंद्रनाथांनी दहा वर्षांपूर्वी, १८६३मध्ये घेतली होती. लाल मातीचे ओसाड माळ, पावसाने कापलेल्या घळी आणि थोडीशी झाडे. मुलगा दिवसभर त्या घळींतून भटके, खिशात भरून रंगीबेरंगी गोटे आणी. वडिलांनी कधी म्हटले नाही, की हा काय कचरा गोळा केलास. उलट समोरच्या उंचवट्यावर ते रचून ठेव, म्हणाले. एकदा घळीत त्याला पाण्याचा झरा सापडला. या पाण्याने अंघोळ केली तर किती छान, असे त्याने सांगताच वडिलांनी ते लगेच मान्य केले आणि तिथून पाणी आणण्याची व्यवस्था लावली. शोध लावणाऱ्याला याहून मोठे बक्षीस कोणते?

याच मुक्कामात देवेंद्रनाथांनी मुलाकडे थोडे पैसे दिले, खर्चाचा हिशेब ठेवायला सांगितले आणि आपल्या सोन्याच्या घड्याळाला रोज किल्ली देण्याचे कामही सोपवले. हिशेब कधी जुळला नाही. एकदा तर जमेपेक्षा शिल्लकच जास्त निघाली. आमच्या बँकेत कॅश कमी भरली तर कॅशियर घाबरतो आणि जास्त भरली तर त्याहून घाबरतो. देवेंद्रनाथ मात्र खूश झाले. तुझ्या हातात पैसे वाढतात, तुलाच खजिनदार नेमायला हवे, अशी थट्टा त्यांनी केली. घड्याळाला किल्ली इतक्या उत्साहाने दिली गेली, की ते लवकरच दुरुस्तीसाठी कलकत्त्याला पाठवावे लागले. त्यासाठी मुलाला बोलणी बसली नाहीत. पुढच्या प्रवासात रोकडीची पेटीही त्याच्याकडे असे. बरोबर किशोरी नावाचा भरवशाचा नोकर होता. पेटी त्याच्याकडे जास्त सुरक्षित राहिली असती हे वडिलांना कळत नव्हते असे नाही. एका मुक्कामी मुलगा पेटी टेबलावर तशीच विसरला, तेव्हा त्याला रागावणेही खावे लागले. रागावले, पण पेटी काढून घेतली नाही. यात सगळे आले असे मला वाटते.

मग अमृतसर आणि तिथून डलहौसी. बक्रोटाच्या डोंगरावर घर होते. खाली देवदारांचे जंगल. पहाटे अंधारात उठून संस्कृतचे रूप-धातू म्हणायचे, बर्फासारख्या पाण्याने अंघोळ करायची, आणि मग दिवस मोकळा. टोकाला लोखंड लावलेली काठी घेऊन हा मुलगा एकटाच एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाई. दऱ्या होत्या, घसरणी होत्या. देवेंद्रनाथांनी एकदाही चिंता दाखवली नाही, एकदाही अडवले नाही. काही वर्षांपूर्वी खडूच्या वर्तुळात बसलेला हाच तो मुलगा.

वडिलांनंतर थोरल्या भावाची पाळी आली. ज्योतिरिंद्रनाथ बारा वर्षांनी मोठे, हरहुन्नरी आणि धाडसी. शिलाइदहच्या जमीनदारीवर त्यांनी धाकट्याला घोड्यावर बसवले आणि मैदानात दौडत जायला सांगितले. हा पडेल अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, म्हणून यालाही पडण्याची भीती वाटली नाही. वाघाच्या शिकारीलाही ते त्याला घेऊन गेले. पण या ज्योतिरिंद्रनाथांचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वदेशी जहाज कंपनी काढण्याच्या ध्यासाने त्यांनी लिलावात जहाजाचा सांगाडा विकत घेतला, इंग्रज कंपनीशी प्रवासी ओढण्याची स्पर्धा लावली आणि त्यात ते कर्जात बुडाले. घोड्यावर बसवणे हीही जोखीम आणि जहाज काढणे हीही जोखीम. एकीत शिकणाऱ्याची कुवत आणि समोरचे मैदान, दोन्ही पाहिलेले होते. दुसरीत नुसताच उत्साह होता. रवींद्रनाथांनी दोन्ही जवळून पाहिल्या.

१८७८ साली, सतरा वर्षांचे असताना, त्यांना विलायतेला पाठवायचे ठरले. त्याआधी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून घरच्यांनी त्यांना मुंबईत एका मराठी कुटुंबात ठेवले. प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांचे ते घर. त्यांच्या कन्या अन्नपूर्णाबाई विलायतेहून आलेल्या. त्या या लाजाळू बंगाली मुलाच्या शिक्षिका झाल्या. परक्या प्रांतात, परक्या भाषेत, परक्या घरात मुलाला राहू देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. विलायतेहून ते पदवी न घेताच परतले. पण शाळेने न शिकवलेले बरेच काही आता त्यांच्या गाठीला होते.

पुढे लग्न झाले, जमीनदारीचे काम आले, पद्मा नदीवरच्या होडीत बसून त्यांनी कथा लिहिल्या. पाच मुले झाली. त्यांना आपण भोगलेल्या शाळांत घालायचे नाही हे पक्के होते. शिलाइदहला घरीच शाळा भरे. पण एकट्या घरच्या मुलांची शाळा म्हणजे शाळा नव्हे. बरोबरीची मुले हवीत, भांडायला आणि मैत्री करायला माणसे हवीत. वडिलांच्या त्या लाल मातीच्या माळावर २२ डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी शाळा उघडली. नाव ब्रह्मचर्याश्रम. विद्यार्थी पाच. त्यांतला एक त्यांचाच तेरा वर्षांचा मुलगा रथींद्रनाथ.

हे प्रकरण माझ्या टेबलावर मंजुरीसाठी आले असते तर, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. अर्जदार वय चाळीस, व्यवसाय कविता. कुष्टियाच्या व्यापारातले कर्ज डोक्यावर. शाळा चालवण्याचा अनुभव नाही. स्वतः शाळा सोडलेला. विद्यार्थ्यांकडून सुरुवातीला फी घेणार नाही. कुठल्याही बँकेने हा अर्ज पहिल्या पानावरच परत केला असता. रवींद्रनाथांनी आपले पुरीचे घर विकले. मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने काढून दिले. मुलांना धीट करायला निघालेल्या माणसाने पहिला धोका स्वतः पत्करला होता, हे विसरता कामा नये.

या शाळेत होते तरी काय? झाडाखाली वर्ग. प्रत्येकाने आपले आसन घेऊन यायचे. पहाटे उठून आपली जागा आपण झाडायची, अंघोळ करायची, थोडा वेळ शांत बसायचे. मुले अनवाणी फिरत. पायाला माती कळायला हवी असा रवींद्रनाथांचा आग्रह होता. पाऊस आला की वर्ग मोडे. पौर्णिमेच्या रात्री मास्तर आणि मुले मिळून लांब फिरायला जात. सुट्टी रविवारी नसे, बुधवारी असे. मुले हस्तलिखित मासिके काढत, सभा भरवत, नाटके बसवत. नाटकांत मास्तरही असत आणि गुरुदेव स्वतःही. ज्याचे संवाद चुकले त्याची चूक सगळ्यांसमोर होई आणि सगळे मिळूनच ती सावरून घेत.

झाडांवर चढायला तर मोकळीकच होती. शिस्तीसाठी नावाजलेले एक मुख्याध्यापक एकदा पाहुणे म्हणून आले. एक मुलगा झाडावर चढून, फांद्यांचा बेचका पाहून, तिथे पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसला. ते अस्वस्थ झाले. रवींद्रनाथांनी त्यांची समजूत घातली ती अशी, की फांदी आणि दिवाणखान्यातली खुर्ची यांत निवड करण्याची संधी सुसंस्कृत माणसाला फक्त लहानपणीच मिळते. आपण मोठे झालो म्हणून आपली गेली, तर मुलाची का घालवावी? हेच मुख्याध्यापक मुलांनी वनस्पतिशास्त्र शिकावे या मताचे होते, याची रवींद्रनाथांना फार गंमत वाटली. झाडाची माहिती हवी, पण झाड नको.

आता कुणी म्हणेल, की ही नुसती मोकळीक झाली. तसे नव्हते. मुलांवर जबाबदारीही तेवढीच होती. आपले नायक मुले स्वतः निवडत. कुणी चुकला तर मुलांचीच न्यायसभा बसे आणि शिक्षा ठरवी. मास्तरांनी मारण्याला जागा नव्हती. परीक्षेच्या वेळी पहारा नसे. प्रश्नपत्रिका घ्यायची आणि हवे तिथे, हवे तर झाडावर, बसून उत्तरे लिहायची. कॉपी करणे तिथे सर्वांत सोपे होते आणि म्हणूनच न करण्याला अर्थ होता. बँकेत आम्ही प्रत्येक तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन माणसे ठेवतो. तिजोरीपुरते ते बरोबरच आहे. पण बारा वर्षांच्या मुलाच्या सचोटीला जन्मभर दुसऱ्याच्या किल्लीची सवय लावली, तर एकटे पडल्यावर तो काय करील?

हे सगळे पहिल्या दिवसापासून असे घडीव होते, असे मात्र नाही. सुरुवातीच्या आश्रमात ब्राह्मण मुलांची जेवणाची पंगत वेगळी बसे. प्राचीन तपोवनाच्या कल्पनेत रवींद्रनाथ स्वतःच काहीसे अडकले होते. ही रेघ पुसायला त्यांना काही वर्षे लागली. पुढे सगळ्या जातिधर्मांची, देशोदेशींची मुले तिथे एका पंगतीला बसली. दुसऱ्याच्या हातातला खडू दिसतो, आपल्या हातातला दिसायला वेळ लागतो.

आणि मग ती वर्षे आली. शाळेला वर्ष पुरे होत नाही तो २३ नोव्हेंबर १९०२ रोजी मृणालिनीदेवी गेल्या. वय तिशीच्याही आत. १९०३मध्ये मुलगी रेणुका क्षयाने गेली. १९०४च्या आरंभी शाळेतला सर्वांत लाडका तरुण शिक्षक, कवी सतीशचंद्र राय, देवीच्या रोगाने आश्रमातच गेला आणि शाळा काही काळ शिलाइदहला हलवावी लागली. १९०५मध्ये देवेंद्रनाथ गेले. सगळ्यांत धाकटा शमींद्रनाथ, वडिलांवर गेलेला, कविता आवडणारा. १९०७च्या वसंतात त्याने सवंगड्यांना जमवून आश्रमात ऋतूचा उत्सव केला. आजच्या प्रसिद्ध वसंतोत्सवाचे मूळ त्या पोराच्या खेळात आहे. त्याच वर्षी पूजेच्या सुट्टीत तो मित्राबरोबर मुंगेरला गेला. तिथे त्याला पटकी झाली. रवींद्रनाथ धावत पोहोचले, पण नोव्हेंबरात, आईच्याच तिथीला, अकरा वर्षांचा शमी गेला. परतताना आगगाडीतून त्यांनी चांदण्यात न्हालेले आकाश पाहिले आणि त्या चांदण्यात कुठेच काही कमी झालेले नाही, असे त्यांना जाणवले.

मी बाप आहे, आता आजोबाही आहे. या जागी मी दर वेळी थांबतो. मुलाला मित्राबरोबर जाऊ दिले आणि तो परत आला नाही. कुठल्याही बापाने यानंतर हातात खडू घेतला असता. आपल्या मुलांभोवती नाही, तर निदान लोकांच्या मुलांभोवती. शाळेचे नियम कडक केले असते, सहली बंद केल्या असत्या, आणि कुणीही त्याला दोष दिला नसता. रवींद्रनाथांनी दुसऱ्या वर्षी, १९०८मध्ये, आश्रमातल्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले. सुट्टी लागल्यावर बाहेर पडलेल्या मुलांचे ते आनंदाचे नाटक आहे. मला हे धैर्य नोबेल पारितोषिकाहून मोठे वाटते.

१९११ साली त्यांनी लागोपाठ दोन नाटके लिहिली. ‘अचलायतन’मध्ये दगडी भिंतींचा एक मठ आहे. तिथे उत्तरेकडची खिडकी उघडणे महापाप. सुभद्र नावाचा एक लहान मुलगा ती उघडतो आणि बाहेर पाहतो. सगळा मठ प्रायश्चित्ताच्या तयारीला लागतो. त्या पोराच्या बाजूने उभा राहतो तो पंचक, मठातला सर्वांत नापास विद्यार्थी. दुसरे नाटक ‘डाकघर’. आजारी अमलला वैद्याने बाहेरचा वारा वर्ज्य केला आहे. तो खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो, दहीवाल्याच्या गावाला मनाने जाऊन येतो. प्रेम करणारी माणसेच त्याला कोंडून ठेवतात, आणि तरी तो वाचत नाही. ज्याने श्यामच्या वर्तुळात बसून तळे पाहिले आणि शमीला हातातून जाताना पाहिले, त्यालाच हे नाटक लिहिता येणार होते. बंद खिडकी मृत्यूला अडवत नाही. ती फक्त दहीवाल्याला लांब ठेवते.

बाहेरून त्रास होताच. १९११-१२च्या सुमारास पूर्व बंगाल सरकारने गुप्त परिपत्रक काढले, की सरकारी नोकरांनी आपली मुले या शाळेत ठेवणे योग्य नाही. अनेक पालकांनी मुले काढून नेली. शाळा टिकली.

१९१५मध्ये गांधीजी आले. त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमाची मुले आधीच तिथे मुक्कामाला होती. आपले साताऱ्याचे काकासाहेब कालेलकरही तेव्हा तिथेच होते. गांधीजींनी सुचवले, की आचारी आणि नोकर काढून टाकावेत. मुलांनी आणि मास्तरांनीच स्वयंपाक करावा, भांडी घासावीत, सफाई करावी. सव्वाशे मुलांचा स्वयंपाक! मास्तरांत दोन तट पडले. रवींद्रनाथांना हा मार्ग आपला वाटला नसावा, पण शिक्षकांची तयारी असेल तर आपली हरकत नाही, असे म्हणून त्यांनी १० मार्चला प्रयोग सुरू होऊ दिला. भांडी घासणाऱ्या मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून दुसरी मुले सतार वाजवत. प्रयोग फार दिवस चालला नाही, पण १० मार्च हा दिवस तिथे गांधी पुण्याह म्हणून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी विद्यार्थी आणि शिक्षक सगळी कामे स्वतः करतात. बंद पडलेल्या प्रयोगाचा वाढदिवस साजरा करणारी शाळा माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे धाडस फारच मोठे होते. १९२६मध्ये ‘नटीर पूजा’ रंगमंचावर आले. नंदलाल बसूंची कन्या गौरी त्यात नर्तकी श्रीमतीच्या भूमिकेत नाचली. घरंदाज मुलीने लोकांसमोर नाचणे म्हणजे केवढा गहजब! १९२७ साली कलकत्त्यात प्रयोग करायचा ठरला तेव्हा रवींद्रनाथांनी नाटकात एका भिक्षूची भूमिका नव्याने घातली आणि ती स्वतः केली. मुलींवर होणाऱ्या टीकेच्या पुढ्यात पासष्टीचे गुरुदेव पांढरी दाढी घेऊन उभे राहिले. १९२९मध्ये त्यांनी जपानहून शिंझो ताकागाकी या ज्यूदोच्या शिक्षकाला बोलावले. मुलांबरोबर मुलीही ज्यूदो शिकल्या. क्षितिमोहन सेन यांची कन्या अमिता त्यांतली एक. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या अमर्त्य सेन यांच्या त्या आई. ज्यूदोत पहिला धडा पडायचे कसे याचा असतो. मार न लागता पडता आले, की मग समोरच्याची भीती कमी होते. रवींद्रनाथांच्या शाळेतले निम्मे शिक्षण या एका धड्यात सांगता येईल.

मध्यंतरी एका शाळेच्या पालकसभेला जाण्याचा योग आला. मधल्या सुट्टीत धावताना एका मुलाचा गुडघा खरचटला होता. तासभर चर्चा होऊन ठरले, की मधल्या सुट्टीत धावायला बंदी. सगळ्यांना हायसे वाटले. त्या पालकांना मी हसणार नाही. रस्ते खरोखरच वाईट आहेत, वर्तमानपत्र उघडले की काळजात धस्स होते, आणि घरात मूल एकच असते. ज्या गोष्टींत मुलाला पारखच करता येणार नाही, तिथे रेघ हवीच. रस्त्यावरची भरधाव वाहने, न मोजलेली विहीर, अनोळखी माणसाचे आमिष यांच्याशी प्रयोग करायचे नसतात. पण धावणे, झाडावर चढणे, वर्गापुढे उभे राहून चुकणे, चार दिवस दुसऱ्यांकडे राहणे, पैशाचा हिशेब चुकवून पुन्हा मांडणे, यांत धोक्यापेक्षा कमाई जास्त आहे. ती कमाई त्याच वयात होते, नंतर होत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही आवर्ती ठेव आहे. दरमहा थोडी थोडीच भरायची असते. अठराव्या वर्षी एकदम सगळी रक्कम भरू म्हणणाऱ्याला ती योजना मिळत नाही.

आणि एकट्या घराने हे होत नाही, ही रवींद्रनाथांच्या शाळेची दुसरी शिकवण. देवेंद्रनाथांनी एका मुलाला डोंगरावर मोकळे सोडले. रवींद्रनाथांना तेच शेकडो मुलांसाठी करायचे होते, म्हणून त्यांना वस्ती लागली. पडणाऱ्याला उचलणारे सोबती, चुकणाऱ्याला हसून परत घेणारी पंगत आणि मुलांबरोबर स्वतः रंगमंचावर उभे राहणारे मास्तर असले, की मुलाला धाडस करवते. जिथे चूक झाली की मूल एकटे पडते, तिथे ते धाडस करत नाही.

१९२१मध्ये या शाळेला जोडून विश्वभारती उभी राहिली, १९२२मध्ये शेजारी ग्रामसुधारणेचे श्रीनिकेतन. १९५१मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पाठभवनाचे वर्ग अजूनही झाडांखाली भरतात. वारसा म्हणून इमारती जपता येतील, उपासनामंदिराची काचही जपता येईल. आपल्या घरी आणायचा वारसा मात्र वेगळा आहे, आणि त्याला युनेस्कोची परवानगी लागत नाही.

रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ला गेले. त्यांच्या बालपणीच्या आठवणींत मला सर्वांत आवडते पात्र अजूनही ते सोन्याचे घड्याळ आहे. देवेंद्रनाथांनी ते मुलाच्या हाती दिले तेव्हा ते बिघडेल याचा अंदाज त्यांना असणारच. घड्याळ महाग होते, पण दुरुस्त होण्यासारखे होते, आणि मुलाला ती किल्ली रोज आठवणीने द्यायची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-अकरा वर्षांचे पोर तुमच्या घरात कंटाळून बसले असेल, तर कपाट उघडून पाहा. सोन्याचे नसेल, पण त्याच्या हाती देण्यासारखे काहीतरी निघेलच.